दाणा तोच, वजन दर वेळी वेगळे: कंपनांवरून वस्तुमान मोजताना वारंवार येणारी अडचण आणि तिचे निवारण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवते. कंपनांवरून वस्तुमान मोजण्याचा एक प्रयोग आम्ही दर वर्षी करतो आणि दर वर्षी, साधारण दुसऱ्याच दिवशी, कोणीतरी वही घेऊन समोर येऊन उभे राहते. या वर्षी आलेल्या मुलाचे शब्द मी तसेच लिहून ठेवले आहेत: “मॅडम, दाना तोच हाय, मंग वजन काऊन बदलून राह्यलं?” हाच प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थिनीने नुकताच बंगळूरहून फोनवर विचारला. ती दाण्याऐवजी सोन्याचे नॅनोकण मोजते आणि तिचा अनुनादक (ठरावीक वारंवारतेने कंपन पावणारी वस्तू; आमच्याकडे ते काम पाते करते) केसाच्या जाडीपेक्षाही लहान आहे, एवढाच काय तो फरक. अडचण एकच असल्यामुळे, ती कोणत्या क्रमाने तपासावी हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आमची मांडणी साधी आहे. हॅक्सॉचे पाते व्हाइसमध्ये घट्ट आवळायचे, पंधरा सेंटीमीटर भाग मोकळा ठेवायचा आणि पात्याजवळ जुन्या रिलेची कॉइल एक लहान चुंबक लावून उभी करायची. पाते लोखंडी असल्याने ते हलले की कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. तो संगणकाच्या माइकच्या खोबणीतून आत घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत नोंदवायचा आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे याचा आलेख, काढायचा. (स्टीलच्या फूटपट्ट्या बहुधा चुंबकाला दाद देत नाहीत; पट्टी घेऊन कॉइलला दोष देत बसलेले विद्यार्थी मी अनेकदा पाहिले आहेत.) पाते सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असेल, तर पहिल्या मोडची (मोड म्हणजे पात्याची कंपन पावण्याची एक ठरावीक तऱ्हा) वारंवारता २३ हर्ट्झच्या आसपास, दुसऱ्याची १४४ च्या आसपास आणि तिसऱ्याची ४०० च्या थोडी वर येते. मोकळ्या भागाचे वस्तुमान साधारण ९ ग्रॅम असते. त्यावर कणभर मेणाने तुरीचा एक दाणा चिकटवायचा, वारंवारता किती घटली ते पाहायचे आणि त्यावरून दाण्याचे वस्तुमान काढायचे. तुरीचा दाणा सुमारे १०० मिलिग्रॅमचा असतो आणि तपासून पाहण्यासाठी काटा शेजारीच असतो.

आता अडचण पाहू. दाणा पात्याच्या अगदी टोकावर असेल, तर पहिल्या दोन्ही मोडच्या वारंवारता सव्वादोन टक्क्यांच्या आसपास घटतात आणि उत्तर १०० मिलिग्रॅम येते. तोच दाणा पात्याच्या मध्यावर लावला आणि सूत्र मात्र टोकाचेच वापरले, तर पहिला मोड १२ मिलिग्रॅम सांगतो आणि दुसरा ५१. तोच दाणा व्हाइसपासून १२ सेंटीमीटरवर लावला, तर पहिला मोड ५३ सांगतो आणि दुसऱ्याला तो दाणा जवळजवळ दिसतच नाही. तो अर्धा मिलिग्रॅम सांगून मोकळा होतो. येथे विद्यार्थी पहिला संशय मेणावर घेतात, दुसरा कॉइलवर आणि तिसरा आपल्या हातावर. हे तिन्ही संशय बाजूला ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण या आकड्यांत चूक नाही. पात्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले आहे. आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता.

जिनिंगच्या धर्मकाट्यावर ट्रक थोडा पुढे उभा केला काय किंवा मागे केला काय, वजन तेच येते. कंपन पावणाऱ्या पात्याचे तसे नाही. ते बैलबंडीच्या जवळचे आहे. बंडीत पोती तेवढीच असली, तरी ती मागे गेली की बंडी उलाळ होते आणि पुढे आली की जू बैलांच्या मानेवर बसते; बैलाला जाणवतो तो भार पोत्याच्या वजनाइतकाच त्याच्या जागेवरही ठरतो. पात्याचा जो बिंदू अधिक हलतो, तेथे चिकटलेल्या वस्तुमानाला कंपनाची अधिक ऊर्जा लागते, म्हणून तेथे वारंवारता अधिक घटते. जो बिंदू हलतच नाही, तेथे कितीही वजन ठेवले तरी त्या मोडला त्याची खबर लागत नाही. अशा बिंदूला निस्पंद बिंदू म्हणतात आणि आपल्या पात्याच्या दुसऱ्या मोडचा निस्पंद बिंदू लांबीच्या ७८ टक्क्यांवर, म्हणजे पावणेबारा सेंटीमीटरच्या किंचित पुढे असतो. बारा सेंटीमीटरवर दुसऱ्या मोडने दाणा का ओळखला नाही, याचे कारण एवढेच आहे.

नियम असा आहे. घटीला मूळ वारंवारतेने भागावे आणि त्याला सापेक्ष घट म्हणावे. दाणा टोकावर असेल, तर ही सापेक्ष घट दाण्याच्या आणि पात्याच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या दुप्पट असते आणि हे प्रत्येक मोडला लागू आहे. दाणा इतरत्र असेल, तर टोकाच्या तुलनेत त्या जागेचा आयाम (कंपनात तो बिंदू जितका हलतो ते अंतर) जितक्या पट असेल, त्याच्या वर्गाच्या पटीत घट कमी होते. मध्यावर पहिल्या मोडचा आयाम टोकाच्या ३४ टक्के असतो, म्हणून तेथे घट साडेअकरा टक्केच उरते. दुसऱ्या मोडचा आयाम ७१ टक्के असतो, म्हणून ती ५१ टक्के उरते. अज्ञात राशी दोन आहेत, वस्तुमान आणि जागा. त्यामुळे समीकरणेही दोन हवीत, आणि ती दोन मोड एकाच वेळी देतात. दोन सापेक्ष घटींचा भागाकार केला की वस्तुमान कटून जाते आणि केवळ जागेवर अवलंबून असलेला एक आकडा उरतो. या आकड्याला मी येथे भागाकारच म्हणेन, कारण पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच उभी आहे.

मध्यावर हा भागाकार, म्हणजे दुसऱ्या मोडची घट भागिले पहिल्याची, ४.४ येतो. व्हाइसकडे सरकत गेल्यास तो वाढत ३९ पर्यंत जातो. पावणेबारा सेंटीमीटरपाशी तो शून्य होतो आणि टोकावर पुन्हा १ होतो. वहीत याचा आलेख काढून ठेवावा. प्रथम भागाकारावरून जागा वाचावी, मग त्या जागेचा आयाम घेऊन वस्तुमान काढावे. मुलांना मी दाणा कागदाच्या आडोशाने लावायला सांगते, म्हणजे आकडेमोड करणाऱ्याला जागा दिसत नाही. त्याने सांगितलेली जागा आणि खरी जागा एका-दोन मिलिमीटरांत जुळली, की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासाठी मी हा प्रयोग दर वर्षी लावते.

एवढे करूनही उत्तर चुकले, तर पुढील तपासणी करावी.

दाणा लावण्यापूर्वीच तपासायच्या गोष्टी

दाणा लावण्याआधी दुसऱ्या मोडच्या वारंवारतेला पहिल्याने भागावे. एकसारख्या जाडीच्या, घट्ट आवळलेल्या पात्यासाठी हे गुणोत्तर ६.२७ असते आणि तिसऱ्याचे पहिल्याशी १७.५५ असते. आकडा याहून बराच वेगळा असेल, तर पकड सैल आहे, टेबल स्वतः डोलत आहे किंवा पाते एकसारखे नाही. पात्याच्या मोकळ्या टोकाचे छिद्र हे नेहमीचे कारण आहे; छिद्राचा तुकडा फडक्यात धरून पकडीने मोडून टाकावा (पाते काचेसारखे तडकते, डोळे सांभाळावेत) आणि मगच लांबी मोजावी. व्हाइस एकदा आवळला की पूर्ण मोजणी होईपर्यंत त्याला हात लावू नये. दाणा लावताना पाते काढून पुन्हा बसवणारा विद्यार्थी दाण्याचे नव्हे, तर आपल्या आवळण्याचे वजन मोजत असतो.

चुंबक फार जवळ आणू नये. चुंबक पात्याला ओढतो आणि ही ओढ पाते जवळ गेले की वाढते, म्हणून पाते जणू मऊ होते आणि वारंवारता उतरते. पहिल्या मोडला हा फटका सर्वाधिक बसतो, कारण त्याचा ताठपणा सर्वांत कमी असतो. दाण्याबरोबर पाते किंचितही खाली झुकले आणि चुंबकाचे अंतर बदलले, तर भागाकार बिघडतो. चुंबक एका-दोन मिलिमीटरने मागे घेऊन वारंवारता बदलते का ते पाहावे. ती बदलत असेल, तर बदल थांबेपर्यंत मागे न्यावा. सूक्ष्म अनुनादकांवर हेच काम जवळच्या इलेक्ट्रोडचा विद्युतदाब करतो.

दुसरा मोड स्पेक्ट्रममध्ये दिसतच नसेल, तर टिचकी कोठे मारली जाते हे पाहावे. निस्पंद बिंदूवर टिचकी मारून तो मोड कधीच जागा होत नाही. सात सेंटीमीटरच्या आसपास मारावी. कॉइलही निस्पंद बिंदूसमोर ठेवू नये. टिचकी हलकी असावी आणि नोंदीचा सुरुवातीचा एखादा सेकंद सोडून द्यावा, कारण मोठ्या आयामाला वारंवारता तीच राहील याचा भरवसा नसतो. दहा सेकंदांची नोंद घेतली, तर वारंवारता साधारण एक-दशांश हर्ट्झपर्यंत वेगळी ओळखता येते; मध्यावरच्या दाण्याने पहिल्या मोडमध्ये होणारी घट केवळ ०.०६ हर्ट्झ असते, म्हणून अशा वेळी शिखराचा नुसता माथा वाचून भागत नाही, त्याचा आकार जुळवून केंद्र काढावे लागते. स्पेक्ट्रममध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर विजेची गुणगुण दिसेल. १५० चे शिखर आपल्या १४४ च्या इतके जवळ असते की दर वर्षी कोणीतरी त्यालाच दुसरा मोड समजते. ते दाणा लावल्यावर हलत नाही, यावरून ते ओळखावे. भारनियमनाच्या वेळेत बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपने घेतलेल्या नोंदी आमच्याकडे सर्वांत स्वच्छ निघतात.

उत्तर जवळजवळ चौपट येते तेव्हा

ही चूक मी स्वतः दोन वर्षे ओळखली नव्हती. टोकावर भागाकार १ असतो हे वर आलेच. परंतु निस्पंद बिंदूच्या अलीकडेही, साधारण साडेनऊ सेंटीमीटरवर, भागाकार पुन्हा १ होतो. तेथे दोन्ही मोडचा आयाम टोकाच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे टोकावरचा एक दाणा आणि साडेनऊ सेंटीमीटरवर एकत्र लावलेले जवळजवळ चार दाणे हे पहिल्या दोन मोडना एकसारखेच दिसतात आणि कितीही अचूक मोजले तरी त्या दोन मोडना त्यांत फरक करता येत नाही. एकाहून लहान प्रत्येक भागाकाराला अशा दोन जागा असतात. निकाल तिसऱ्या मोडकडूनच घ्यावा लागतो: साडेनऊवरच्या चार दाण्यांनी तिसऱ्या मोडची सापेक्ष घट टोकावरच्या एका दाण्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने जास्त होते. म्हणून भागाकार १ किंवा त्याहून कमी आला, की तिसरा मोड पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये, असा नियम मी आता वहीच्या पहिल्या पानावरच लिहायला लावते.

उन्हाने वाढलेले वजन

पोलादाच्या पात्याची वारंवारता तापमानाच्या दर अंशाला साधारण दहा हजारांत एक भाग उतरते. आमच्याकडे मे महिन्यात सकाळची खोली आणि दुपारची खोली यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे वारंवारता हजारात एक भाग खाली येते. मध्यावरच्या दाण्याने पहिल्या मोडमध्ये होणारी घट हजारात अडीच भाग असते. सकाळी रिकामे पाते मोजून दुपारी दाणा लावणाऱ्या विद्यार्थ्याच्या घटीत ऊन किती मिसळले, याचा हिशेब यावरून करावा. कूलरने ही अडचण सुटत नाही. त्याचा वारा पाते हलवतो, मोटर टेबल हलवते आणि दमट हवेत दाणाही पाणी धरतो. उपाय साधा आहे: रिकामे पाते, दाण्यासह पाते आणि पुन्हा रिकामे पाते अशा तीन नोंदी दहा मिनिटांच्या आत घ्याव्यात आणि दोन रिकाम्या नोंदींची सरासरी मूळ वारंवारता धरावी. ती दोन रिकामी वाचने आपसांत जुळत नसतील, तर पुढची आकडेमोड करूच नये.

येथे एक बारकावा आहे आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. तापमान सर्व मोडना सारख्याच प्रमाणात खाली आणते, म्हणून तापमानाचा भागाकार १ असतो. टोकावरच्या दाण्याचाही भागाकार १ असतो आणि तोही सर्व मोडमध्ये. त्यामुळे एका बाजूने पकडलेल्या पात्यावर ऊन आणि टोकावरचे वस्तुमान यांत कोणताही मोड, तिसरा असो किंवा दहावा, फरक करू शकत नाही. तेथे वेळेवरच विसंबावे लागते: ऊन हळूहळू चढते, दाणा एकदम बसतो.

सूक्ष्म अनुनादकांवर

पात्यावर दाणा कोठे लावायचा हे आपण ठरवतो. निर्वात पेटीतील सूक्ष्म तुळईवर रेणू किंवा नॅनोकण स्वतः येऊन कोठेही बसतो, म्हणून तेथे जागेचा प्रश्न टाळताच येत नाही. कॅलटेकमधील मायकेल रोक्स यांच्या गटाने २००९ साली एकाच मोडवर प्रथिनांचे वस्तुमान मोजले, तेव्हा प्रत्येक रेणूची जागा अज्ञात असल्याने शेकडो घटनांचा संख्याशास्त्रीय मेळ घालावा लागला होता; त्या कामातील अक्षय नाईक पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. २०१२ साली त्याच गटाने दोन मोड एकाच वेळी मोजून प्रत्येक रेणूचे वस्तुमान आणि जागा स्वतंत्रपणे काढून दाखवली आणि आयजीएम या प्रतिपिंडाचे एकेक रेणू तोलले. आयजीएमचे वस्तुमान दहा लाख डाल्टनच्या आसपास असते आणि एक डाल्टन म्हणजे १.६६ गुणिले दहाचा उणे चोविसावा घात इतके ग्रॅम, यावरून आमच्या तुरीच्या दाण्याचे तेथील स्थान लक्षात यावे.

माझ्या विद्यार्थिनीचा अनुनादक सिलिकॉन नायट्राइडचा आहे, दोन्ही टोकांना पकडलेला आणि तारेसारखा ताणलेला. ताणलेल्या तारेचा हिशेब पात्याहून सोपा आहे: भागाकाराचा एक-चतुर्थांश एकातून वजा करावा आणि पहिल्या मोडच्या सापेक्ष घटीला त्याने भागावे, की कणाचे वस्तुमान तारेच्या वस्तुमानाच्या प्रमाणात मिळते. कण डाव्या अर्ध्यात आहे की उजव्या, हे कळत नाही, परंतु वस्तुमानाला त्याने फरक पडत नाही. या सूत्रात धोका एकच आहे. टोकांकडे भागाकार ४ च्या जवळ जातो, छेद शून्याकडे जातो आणि लहानशी चूकही प्रचंड वस्तुमान होऊन बाहेर पडते. भागाकार ४ हून अधिक आला, तर ते कणाच्या वस्तुमानाचे खरे वाचन नव्हेच. दोन मोडची वाचने वेगवेगळ्या क्षणांची आहेत किंवा पकडीजवळ बसलेल्या कणाच्या ताठपणाने तार आखडली आहे. अशा घटना, आणि ३.५ च्या वरच्याही, तिने आधीच गाळल्या होत्या. तरीही तिच्या आलेखात हलक्या कणांचा एक ढीग उरत होता. तिचे सर्व कण एकाच आकाराचे होते, त्यामुळे हा ढीग कोठून आला हे तिला उलगडत नव्हते.

मी तिला वस्तुमान बाजूला ठेवून त्या ढिगाच्या जागा वाचायला सांगितले. थोड्या वेळाने तिने सांगितले की ते सगळे कण तारेच्या एक-तृतीयांश लांबीवर बसलेले दिसतात. कण असे एका जागी रांगेने येऊन बसत नाहीत. तारेवर भागाकार नेमका एक-तृतीयांश लांबीवर १ होतो आणि तार तापून ताण उतरला, तर सर्व मोड सारख्याच प्रमाणात उतरतात, म्हणजे भागाकार पुन्हा १. कणांच्या झोताचा पडदा उघडला की उष्ण स्रोताची धग तारेवर पडत असणार आणि प्रत्येक उघडझापीला एक खोटा कण नोंदला जात असणार, असा माझा तर्क होता. पात्यावर उन्हाला ओळखता येत नाही, परंतु तारेवर ते येते: तिसऱ्या मोडचा निस्पंद बिंदू एक-तृतीयांश लांबीवरच असतो, त्यामुळे तेथे बसलेल्या खऱ्या कणाने तिसरा मोड हलणार नाही आणि धगीने मात्र तो इतर दोघांइतकाच हलेल.

तिने तिसरा मोड जोडून दोन दिवसांनी फोन केला. ढिगातील प्रत्येक नोंदीत तिसरा मोड इतर दोघांइतकाच उतरला होता. आता ती मोजणीपूर्वी पडदा उघडा ठेवून वारंवारता स्थिर होऊ देते आणि त्यानंतरच नोंद सुरू करते.